लांबच्या सायकल सफरीतला मुक्कामाचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलवर सामान लादून दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस निघणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मुक्कामाचा दिवस म्हणजे पुढे न जाता एकाच गावी थांबून विश्रांती घ्यायचा दिवस. शनिवार-रविवारच्या फेरीला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे मुक्कामाचा दिवस सोमवार असतो आणि तो ऑफिसात जातो.

मुक्कामाचा दिवस लागतोच का? रोज थोडं कमी चालवून नाही भागत?

काहींचं भागतं. रोज ४०-५० किमी करून दुपारीच तंबू ठोकणारे महिनोन्‌महिने खंड न पाडता जातात, आणि मजेत जातात. पण तुमचा रोजचा पल्ला ८०च्या पुढे असेल, वाटेत चढ असतील आणि सायकलवर २० किलो ओझं असेल, तर शरीर रोज थोडी उधारी करत असतं. एका रात्रीच्या झोपेत ती सगळी फिटत नाही. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पूर्ण भरायलाच, पोटभर पिष्टमय पदार्थ खाल्ले तरी, साधारण २४ तास लागतात. रोज सकाळी निघणाऱ्याला तेवढा वेळ मिळतच नाही.

माझा हिशोब दिवसांचा नसतो, रात्रींचा असतो. लागोपाठ दोन रात्री एकाच अंथरुणात आणि मधली सकाळ गजराशिवाय: मुक्कामाच्या दिवसाची खरी कमाई एवढीच. बाकी धुणं, डागडुजी, खरेदी ही सगळी त्याभोवतीची कामं. पुढची बरीचशी उत्तरं या दोन रात्री कशा वाचवायच्या याचीच आहेत.

किती दिवसांनी थांबावं?

सहा दिवस चालवून सातव्या दिवशी थांबणं बहुतेकांना मानवतं. पहिला मुक्काम मात्र लवकर घ्या, चौथ्या किंवा पाचव्या दिवशी. सुरुवातीला पाय तयार नसतात, सीटची सवय नसते आणि उत्साहात माणूस ठरवल्यापेक्षा जास्त चालवतो.

कॅलेंडरपेक्षा दोन खुणा जास्त खऱ्या. पहिली नाडी. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच एक मिनिट मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त पडताहेत आणि सलग दोन-तीन दिवस तसंच आहे, तर थांबा. दुसरी खूण चिडचिड. पॅनिअरचा (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीचा) हूक पहिल्या झटक्यात बसला नाही म्हणून सायकलला लाथ घालाविशी वाटली, की समजा दोन दिवसांपूर्वीच थांबायला हवं होतं.

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करतो. ६०० किमी ४० तासांत संपवतो. मला कशाला हवा असा दिवस?

ब्रेव्हे संपल्यावर तुम्ही घरी जाऊन दोन दिवस झोपता, म्हणून. तिथे विश्रांती शेवटी एकदम मिळते. सफरीत शेवट तीन आठवड्यांनी असतो. शर्यतवाल्यांचं उदाहरण हवं असेल, तर आजच्या टूर द फ्रान्समध्ये २३ दिवसांत २१ टप्पे आणि दोन विश्रांतीचे दिवस असतात. १९०३ च्या पहिल्या टूरमध्ये तर १९ दिवसांत फक्त सहा टप्पे होते. टप्पे अवाढव्य होते, सरासरी ४०० किमीच्या वर, आणि मध्ये रीतसर विश्रांतीचे दिवस होते. शर्यतवाल्यांकडे सामान वाहायला नसतं, मालीश करायला माणूस असतो, तरी ते थांबतात.

लहान गाव निवडावं की मोठं शहर?

लहान गाव, पण फार लहान नको. शहरात आत शिरायला अर्धा दिवस, बाहेर पडायला अर्धा दिवस, आणि मधल्या वेळात बघण्यासारखं इतकं की झोप राहूनच जाते. दहा मिनिटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येईल, औषधाचं दुकान, किराणा आणि पैसे काढायची सोय असेल, असं गाव उत्तम.

गाव सुंदर असण्याची काही गरज नाही. खरं तर कंटाळवाणं असेल तर बरंच. बघायला काही नसलं की माणूस मुकाट्याने पडून राहतो. तीन गोष्टी मात्र बघून घ्या: सायकल आत किंवा नजरेसमोर ठेवता येईल अशी जागा, कपडे वाळत घालायला वारा, आणि रात्रभर न गरजणारा शेजार. रस्त्याकडेची खोली स्वस्त मिळते, कारण पहाटे चारपासून तिथे ट्रक गिअर बदलत असतात. मागची खोली मागा.

आणि बाजार कोणत्या वारी बंद असतो ते आधी विचारा. नेमक्या त्याच दिवशी मुक्काम पडला, तर तुम्ही विश्रांती घ्याल, पण पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब मिळणार नाही.

आदल्या दिवशी जास्त चालवून पोचावं, कारण दुसऱ्या दिवशी आराम आहेच?

बहुतेक सगळे हेच करतात आणि बहुतेक सगळ्यांचं इथेच चुकतं. १३० किमी करून रात्री आठला पोचलात, तर पहिली रात्र गेली. अंग इतकं तापलेलं असतं की झोप नीट लागत नाही, आणि सकाळ शीण उतरवण्यातच जाते. त्याऐवजी आदला टप्पा मुद्दाम आखूड ठेवा, ४०-५० किमीचा, आणि दुपारी दोनपर्यंत गावात या. परवा सकाळी सातला निघालात, तर ४१ तास सीटपासून लांब राहता. रात्री आठला पोचणाऱ्याला ३५ मिळतात आणि त्यातले पहिले काही धडपडीतच जातात.

पोचल्यावर पहिलं काम कोणतं?

कपडे. आंघोळीच्याही आधी, किंवा आंघोळीबरोबरच. चार्जर लावणं दुसरं, जेवण तिसरं.

कपडे पहिले, कारण पॅडची चड्डी (बसायच्या जागी गादी शिवलेली सायकलची चड्डी) वाळायला तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मी एकदा आळस केला आणि मुक्कामाच्या संध्याकाळी धुतली. सकाळी वरून हात लावला तर कोरडी, पॅडच्या आत ओल. तशीच चढवली. तिसाव्या किलोमीटरला कातडी सोलली होती आणि पुढचे चार दिवस मी पायडलवर उभा राहून जास्त चालवलं.

धुताना उलटी करून धुवा, साबण कमी आणि पाणी भरपूर. साबण पॅडमध्ये राहिला की घामाबरोबर तोच चावतो. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याने कापडाची घाम शोषायची ताकद जाते. पिळून पॅड मोडण्यापेक्षा कोरड्या टॉवेलात घट्ट गुंडाळून त्यावर उभं राहा. निम्मं पाणी टॉवेलात येतं. वाळत घालताना पॅडची बाजू बाहेर.

सायकलचं काय काय बघायचं? मी मेकॅनिक नाही.

नसलात तरी तासाभरात बरंच होतं. सकाळी करा, उजेड असताना आणि दुकानं उघडी असताना. संध्याकाळी बिघाड सापडला, तर रात्रभर तो डोक्यात फिरत राहतो आणि दुसरी झोपही जाते.

सामान उतरवून सायकल ओल्या फडक्याने पुसा. हे स्वच्छतेसाठी नाही, पुसताना हात सगळीकडून फिरतो म्हणून. फ्रेमची तडे गेलेली सांधणी, कॅरिअरचा सैल बोल्ट, घासून पातळ झालेली केबल, सगळं फडक्याच्या टोकाला सापडतं. कॅरिअरचे बोल्ट तर प्रत्येक मुक्कामाला पान्हा लावून बघायचेच. ओझ्याच्या हादऱ्याने सगळ्यात आधी तेच सैल होतात.

चेनची झीज साध्या पट्टीने मोजता येते. चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल, तर मागची दातेरी चक्रंही बहुधा तिने खाल्ली आहेत. मग गावात नवी चेन मिळाली तरी एकटी टाकू नका, जुन्या दात्यांवरून ती घसरेल. अशा वेळी जुनीच चालवत मोठ्या गावापर्यंत जाणं शहाणपणाचं. तेल घालायचं ते चेन पुसून, प्रत्येक रोलरला एक थेंब, आणि थोड्या वेळाने वरचं पुन्हा पुसून. तेल आत हवं. बाहेर राहिलं की धूळ धरतं.

आता टायर. हवा काढून टायर रिमवरून उतरवा आणि आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. काही दिसणार नाही. मग एका जागी कापसाचा एक तंतू अडकेल. तिथे नखाने चाचपलं, की रस्त्यावरच्या फाटक्या टायरांमधून येते तशी केसाएवढी तार सापडते. आधीची दोन पंक्चर ‘अशीच’ झाली होती ना, ती या तारेमुळे. चिमट्याने काढा. ती सापडल्यावर जो आनंद होतो तो काही चढ संपल्यावरही होत नाही.

मागचं टायर ओझ्यामुळे लवकर झिजतं. नवं टाकायची वेळ आली, तर नवं पुढे आणि पुढचं मागे. झिजलेलं टायर पुढे कधीच नको. मागचं फुटलं तर सायकल सावरता येते, पुढचं फुटलं तर तुम्ही रस्त्यावर.

आरे दोन-दोन करून बोटांनी दाबत चाक फिरवा. सैल आरा लगेच कळतो, बाकीच्यांपेक्षा वेगळा लागतो. तुटतात ते जास्त करून मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे, चक्रांच्या बाजूचे. चाक थोडं आउट असेल, तर निपल (आऱ्याच्या टोकाचं नट) एका वेळी पाव फेराच फिरवा आणि चाक फिरवून बघा. आत्मविश्वास नसेल तर हात लावू नका. थोडं आउट असलेलं चाक शेकडो किलोमीटर जातं. तुम्ही आउट काढायला बसून बिघडवलेलं जाईलच असं नाही.

ब्रेक: डिस्कच्या पॅडवरचं अस्तर १ मिमीच्या खाली आलं की बदला. चेनला तेल घालताना डिस्कवर शिंतोडा उडू देऊ नका, नाहीतर पुढच्या उतारावर ब्रेक किंचाळेल आणि धरणार नाही. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढा.

शेवटचं, साठलेली पंक्चर. रस्त्यावर घाईत नवी ट्यूब टाकून पुढे गेलेलो असतो, जुन्या तशाच पडलेल्या असतात. आज त्या बादलीत बुडवून भोक शोधा, घासा, सोल्यूशन लावून पाच मिनिटं खरंच थांबा. बोटाला चिकट लागेनासं झालं की मग ठिगळ दाबा. ठिगळं निघतात ती याच पाच मिनिटांच्या उतावीळपणाने.

गावात सायकलचं दुकान आहे, पण माझ्या मापाचं काही नाही. मग?

दुकानदाराला इंच सांगू नका, टायरच्या बाजूवर छापलेला आकडा दाखवा: ४०-६२२, ५०-५५९ असा. दुसरा आकडा म्हणजे टायर रिमवर बसतं तो व्यास, मिलिमीटरमध्ये. तो जुळलाच पाहिजे. पहिला रुंदीचा, त्यात थोडं इकडे-तिकडे चालतं. ६२२ म्हणजे ७००सी, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ५५९ म्हणजे जुनं सव्वीस.

ट्यूबमध्ये जास्त मोकळीक आहे. ती रबराची असल्याने थोडी ताणते. जवळच्या मापाची ट्यूब तात्पुरती चालते. अडतं ते वॉल्व्हपाशी. प्रेस्टा म्हणजे बारीक वॉल्व्हची ट्यूब जाड वॉल्व्हच्या भोकात बसवता येते, उलटं जमत नाही. जाड वॉल्व्ह बारीक भोकात जातच नाही, आणि रिमला ड्रिल मारायचा मोह आवरा.

त्या दिवशी सायकल अजिबात चालवू नये का?

वीस मिनिटं, बिनसामानाची, अगदी हलक्या गिअरवर चालवा. पाय मोकळे होतात आणि सकाळी केलेली दुरुस्ती तपासूनही होते. शर्यतवालेही विश्रांतीच्या दिवशी तास-दोन तास चालवतातच. तुम्हाला तेवढं नको.

जपायचं ते चालण्यापासून. सायकलचे पाय आणि चालायचे पाय वेगळे. एका मुक्कामाला ‘जरा गाव बघून येतो’ म्हणत मी सपाट तळव्याच्या चपलांवर दिवसभर भटकलो, वर टेकडीही चढलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या होत्या की पायडल मारण्यापेक्षा सायकलवरून उतरणं अवघड. संध्याकाळची एक फेरी पुरे.

इतकी भूक का लागते? कमी खावं का, चालवत नाही म्हणून?

खा. आजची भूक कालची आणि परवाची आहे. रोजच्या वेळेला खा, आवडेल ते खा, प्रथिनं विसरू नका. पाण्याकडे जास्त लक्ष द्या. सायकलवर बाटली समोर असते, आज ती खोलीत पडून असते आणि माणूस चहा-कॉफीवर दिवस काढतो. सकाळची लघवी गडद असेल तर अजून तूट आहे.

एक सावधगिरी: पोटाचे प्रयोग आज सकाळी करा, उद्या निघायच्या आदल्या रात्री नको.

बसायच्या जागी फोड आले आहेत. एका दिवसात बरे होतील?

नुसती लाली किंवा बारीक पुरळ असेल, तर बरीच उतरते. दिवसभर पॅडची चड्डी घालायची नाही, सैल सुती कपडा, जागा कोरडी आणि स्वच्छ. फोड फोडायचा नाही. पू झाला असेल, आजूबाजूची कातडी गरम आणि कडक लागत असेल किंवा ताप असेल, तर डॉक्टरकडे जा आणि वेळापत्रक विसरा.

गुडघा दुखतोय. थांबल्यावर जाईल ना?

थांबल्यावर दुखायचा थांबेल, पण कारण सीटवर बसलेलं असेल तर उद्या परत येईल. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) आधी चिकटपट्टीने खूण करा, मग दोन-तीन मिलिमीटरच बदला. निघतानाची उंची आणि आजची उंची एकच आहे ना तेही बघा. ओझ्याने आणि हादऱ्यांनी सीट गुपचूप खाली सरकते. सूज असेल तर मात्र हा एका दिवसाचा मामला नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे.

तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जातेय. लांबच्या सफरीत हे इतकं सर्रास होतं की सायकलवाल्यांच्या नावाने त्याला नाव पडलंय. एका दिवसात पूर्ण जाईलच असं नाही, कधी काही आठवडे लागतात. आज हँडल थोडं वर घेता येतं का बघा आणि उद्यापासून दर थोड्या वेळाने पकड बदला. बोटांत ताकदच राहिली नसेल, बटण लावता येत नसेल, तर दाखवून घ्या.

दुपारी झोपावं का?

हो. पण चारच्या आत उठा. रात्रीची झोप मोडली तर मग थांबलो कशाला?

चार्जिंगचं काय?

पोचल्याच्या रात्रीच सगळं लावा, उद्यावर ठेवू नका. लहान गावात वीज जाते तेव्हा विचारून जात नाही. १०,००० एमएएचची पॉवर बँक साध्या चार्जरवर भरायला चार-पाच तास सहज घेते. हब डायनामो (चाकाच्या मध्यावर बसवलेला वीज तयार करणारा डायनामो) असलेल्यांनी लक्षात ठेवावं की तो चाक फिरलं तरच वीज देतो, आणि मुक्कामाच्या दिवशी फोन रोजच्यापेक्षा जास्त वापरला जातो. पुढच्या टप्प्याचे नकाशे इथेच उतरवून घ्या.

रिकामं बसलं की अपराधी वाटतं. उदासही.

दुपारी तीनच्या सुमाराला, बरोबर? बहुतेकांना वाटतं. आठवडाभर प्रत्येक तासाला काहीतरी गाठायचं होतं, पुढचं वळण, पुढचं पाणी. आज काहीच नाही, आणि तेवढ्या मोकळ्या वेळात घर आठवतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही, एक सवय आहे. वहीत गेल्या सहा दिवसांचं लिहून काढतो. तिसऱ्या दिवशी काय झालं ते आठवतच नाही असं ध्यानात येतं, आणि मग ते आठवण्यात संध्याकाळ होते. घरी फोन करायचा तर सकाळी करा. दुपारच्या आवाजावरून घरचे काळजीत पडतात.

आम्ही तिघं आहोत. मुक्कामाचा दिवसही एकत्रच काढायचा?

मुळीच नाही. सायकलचं काम सकाळी एकत्र करा, हत्यारं एकच असतात. मग संध्याकाळच्या जेवणापर्यंत कोणी कोणाला शोधू नये. सहा दिवस एकाच्या मागच्या चाकाकडे बघून झालेलं असतं, आज तोंडही न बघितलेलं चांगलं.

एकाचे दोन दिवस करावेत का?

दुसऱ्या सकाळी उठल्यावर सायकलकडे बघून काय वाटतं त्यावर ठरवा. ताप, सूज, पोट बिघडलेलं किंवा पुढे घाटात वादळ असेल तर बेलाशक थांबा. नुसताच आळस असेल तर निघा, तासाभरात जातो. अमुकच दिवस थांबावं असा नियम नाही. उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. मधे एक अख्खा हिवाळा तो तेहरानमध्ये थांबला होता.

आराम करूनही निघताना पाय जड का लागतात?

साठा भरला म्हणून. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाय भरल्यासारखे, सुजल्यासारखे वाटतात. घाबरून जोर लावू नका. पहिले दहा किलोमीटर हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील अशा वेगाने जा. त्या दिवशीचा पल्लाही थोडा कमीच धरा. आणि तासाभराने जिथे पहिल्यांदा पाणी प्यायला थांबाल, तिथे पान्हा काढून काल हात लावलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा तपासा.